पिंजरकरचा बैल

केशव पिंजरकर दुसऱ्याच्या डब्यातली चटणी खायचा आणि भाकरी सोडून द्यायचा. अकोल्याच्या आमच्या कलाविद्यालयात मधल्या सुटीत आम्ही सहा-सात मास्तर एका लांब टेबलाशी बसत असू. हा स्वतः डबा आणत नसे. सगळ्यांचे डबे उघडेपर्यंत खिडकीशी उभा राही, मग एक चक्कर मारी आणि ज्याच्या डब्यात जे झणझणीत असेल तेवढं बोटानं उचलून घेई. जवसाची चटणी, मिरचीचा ठेचा, लोणच्याची एखादी फोड. "पोट भरायचं काम तुमचं," म्हणायचा, "मला फक्त चव पाहिजे." तेव्हा आम्ही हसायचो. अख्खा पिंजरकर त्या एका वाक्यात होता, आणि आम्ही खुळे त्याला आणखी चटणी वाढत होतो.

आजकाल त्याच्याबद्दल विचारायला पोरं फोन करतात. कुणी त्याच्यावर प्रबंध लिहीत असतं, कुणी नुसतंच भारावलेलं असतं. "सर, तुम्ही इतकी वर्षं त्यांच्यासोबत होता, ते माणूस म्हणून कसे होते?" कलावंत म्हणून कसे होते ते त्यांचं आधीच ठरलेलं असतं. मी सांगतो की उंच होता, चहा पिऊन झाला की बशी पालथी घालायचा, आणि फोन ठेवतो. पुढचं बोललो तर म्हणतील, म्हातारा जळतो. जळतोच. मी जन्मभर पोरांकडून पेल्यांची आणि केळ्यांची चित्रं काढून घेतली, आणि हा माझ्याच टेबलावरून उठून मोठा झाला. पण माझा राग त्यासाठी नाही, एवढं ज्याला वाचायचं त्यानं वाचावं.

तो आमच्याकडे आला ती वर्षं वऱ्हाडात वाईट होती. कापसाचे भाव पडलेले, पाऊस नको तेव्हा यायचा आणि हवा तेव्हा तोंड फिरवायचा, सकाळचं वर्तमानपत्र उघडायची छाती होत नसे. खेड्यातून येणारी आमची पोरं मध्येच कॉलेज सोडायची आणि पुन्हा दिसायची नाहीत. अशात हा मुंबईत शिकून, एक संगणक टॅक्सीच्या मागच्या सीटवर बसवून, जठारपेठेत राहायला आला. मूळचा बडनेऱ्याचा, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढलेला. पण बोलणं असं करून आला होता की ऐकणाऱ्याला वाटावं, हा बडनेऱ्याला फक्त गाडी बदलायला उतरला असेल.

त्याची कला म्हणजे, ज्याला पुस्तकात अतिवास्तव म्हणतात ती. जिनिंगच्या प्रेसमधून कापसाच्या गाठीऐवजी मासे बाहेर पडताहेत. विहिरीतून बाईची वेणी वर येते आहे आणि तिच्यावर माकडं चढताहेत. एसटीत सीटांच्या जागी दात. फोटो काढायचा, संगणकावर कापायचा आणि एकाच्या धडावर दुसऱ्याचं डोकं, वर तिसऱ्याचं आभाळ असं बेमालूम जोडायचा. हेच तो पुढे फायबरमध्ये करू लागला, म्हणजे हाताला लागेल असं. लोकांनी "याचा अर्थ काय?" विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं असे: "बघणारा अडखळला पाहिजे." दिवसातून दहा वेळा हे वाक्य. आमच्यातले एक-दोन मास्तर तर तो व्हरांड्यातून येताना दिसला की मुद्दाम अडखळून दाखवायचे.

पण त्याचा खरा हातखंडा ऐकण्यात होता. इतकं मन लावून ऐकणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. समोरच्याच्या डोळ्यांत बघायचा नाही, कानाकडे बघायचा, मान किंचित तिरपी, आणि मध्ये एक शब्द टाकायचा नाही. "काल काय स्वप्न पडलं?" हा प्रश्न तो, लोक "जेवण झालं का?" विचारतात तसा विचारायचा. बायका, म्हातारे, चहावाला, कुणीही असो, त्याच्यापुढे पोटातलं ओकून मोकळं व्हायचा. तो ते एसटीच्या तिकिटांच्या पाठीवर टिपून ठेवायचा. शर्टाच्या खिशात अशा तिकिटांचा गठ्ठाच असे. त्याला उलट विचारलं, बाबा, तुला काय स्वप्न पडलं, तर म्हणे, "मला गाढ झोप लागते."

आमचा शिपाई दामोदर गवई हा त्याचा पहिला बळी. अकोल्यात तेव्हा उन्हाळ्यात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी यायचं. दामोदरला स्वप्न पडलं की त्याच्या बेंबीला तोटी लागली आहे आणि बायको, पोरी, शेजारपाजार सगळे बादल्या घेऊन त्याच्यापुढे रांगेत उभे आहेत, आणि त्याला तोटी सोडायची लाज वाटते आहे. बिचाऱ्यानं हे हसत हसत सांगितलं. दोन महिन्यांनी वार्षिक प्रदर्शनात दरवाजातून शिरल्याबरोबर समोरच्या भिंतीवर दामोदर. चांगला पुरुषभर उंच, चेहरा त्याचाच, गणवेश त्याचाच, फक्त शर्टाची दोन बटणं उघडी आणि त्यातून पितळी तोटी. दामोदरच्या वस्तीतले लोक प्रदर्शन बघायला आले होते. त्यानंच बोलावलं होतं, आपल्या साहेबांची चित्रं बघा म्हणून. पुढं वर्षभर तो गल्लीत शिरला की कुणीतरी आतून ओरडायचं, "नळ आला, भांडे आना."

दामोदर पिंजरकरकडे गेला तेव्हा मी तिथंच होतो. तो म्हणाला, "सर, मी तुमाले मनातलं सांगतलं होतं. भिताडावर लावाले नाई."

पिंजरकरनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "दामोदर, लोक चित्रापुढून चालत जातात. तुझ्यापुढं येऊन ते अडखळले. केवढी मोठी गोष्ट आहे."

चित्र पुढे मुंबईला गेलं. त्यानंतर पिंजरकरनं कधी स्वप्न विचारलं की दामोदर खाली बघून म्हणायचा, "गाढ झोप लागते, सर."

एवढं होऊनही मी त्याला माझ्या बहिणीच्या घरी नेलं. त्यामुळे पुढं जे झालं त्यातला निम्मा वाटा माझाच आहे.

सुमनताई माझी थोरली बहीण. मूर्तिजापूरच्या अलीकडे आत सात-आठ किलोमीटरवर तिचं सासर. भाऊजी काविळीनं गेले, मूलबाळ नाही, पण बाई घट्ट. शेती सालदाराच्या, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याच्या, हातून करून घ्यायची, स्वतः बांधावर उभी राहायची. त्या घराला पोळ्याचा मान होता. आमच्याकडे मान म्हणजे असं, की पोळ्याच्या दिवशी गावच्या तोरणाखाली सगळ्यात पुढं त्या घरची जोडी उभी राहते आणि त्या जोडीच्या शिंगांना मखर बांधतात. लाकडी मखर, रंगीत कागदानं मढवलेलं, वर पताका. ते मखर वर्षभर मानकऱ्याच्या घरी असतं. भाऊजी गेल्यावर ताई सालदाराबरोबर जोडी पाठवायची, आणि तिचा चुलतदीर नारायणराव दरवर्षी कुरकुरायचा की बाईच्या घरी मान कशाला. पण जोडी उभी राहत होती तोवर कुणाला काही करता येत नव्हतं. ताईला दागिन्यांचा सोस नव्हता, कुठं जाण्यायेण्याचा नव्हता. नवऱ्यामागं तिच्यापाशी तिचं म्हणावं असं गावात एवढंच उरलं होतं.

त्या वर्षी जनावरांना कुटार-कडबा मिळेना. निम्म्या गावानं जनावरं बाजारात नेली, त्यात ताईचीही जोडी गेली. गोठा रिकामा झाला. मी कॉलेजात हे सहज बोललो, तर पिंजरकर खिडकीपासून टेबलाशी आला. "रिकामा गोठा? मला दाखव."

मी दाखवला. तो त्या गोठ्यात तासभर बसला, गव्हाणीत हात घालून काय चाचपत होता देव जाणे. मग ओसरीवर आला, चहा घेतला, बशी पालथी घातली आणि ताईच्या कानाकडे बघत म्हणाला, "बैलांचं सांगा."

माझ्याशीही कधी जे बोलली नव्हती ते ती त्याच्याशी बोलली. जोडीतला पाखऱ्या बाजारात विकल्यावर तिसऱ्या दिवशी दावं तोडून घरी परत आला होता. पहाटे दार उघडलं तर दारात उभा. घेणारा मागोमाग आला, त्यानं कासरा लावला आणि ताईनं स्वतः त्याच्या पाठीवर थाप मारून त्याला रस्त्याला लावलं. "गेला नाई तो सीधा," ताई म्हणाली. "पाय बजाराकडं अन् तोंड घराकडं. वळून वळून पाह्यत गेला. मान मोडते का काय असं वाटे मले."

पिंजरकरनं खिशातून तिकीट काढलं.

मग ताईनं तिची अडचण सांगितली. जनावरं विकलेल्यांसाठी गावातल्या म्हाताऱ्यांनी बैठक घेऊन सूट दिली होती. ज्याच्या घरी बैल नाही त्यानं मातीचे, लाकडाचे, कशाचेही आणावेत. पण मानकऱ्याला दोन अटी होत्या. उसनी जोडी चालायची नाही, आणि मखर पेलेल एवढी मोठी पाहिजे. नारायणरावची जोडी शाबूत होती. ताईकडून नाही जमलं तर मखर त्याच्याकडे जाणार होतं, आणि एकदा गेलेला मान परत येत नाही.

"ताई, बैल मी करून देतो," पिंजरकर म्हणाला. "खऱ्याएवढा. फायबरचा. मखर काय, तुम्ही बसलात तरी पेलेल."

"दोन पाह्यजेत पण, बापू," ताई त्याला म्हणाली.

"हो, हो," तो म्हणाला. हे 'हो, हो' मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

काम त्यानं जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या काठाला शकील मिस्त्रीच्या शेडमध्ये घेतलं. शकीलभाई वेल्डिंगवाले, दारं, खिडक्या, ट्रॉल्या करायचे. आतला लोखंडी सांगाडा त्यांनी उभा केला. बाकी काम ताडपत्री टाकून चालायचं आणि शकीलभाईंना बोलायची बंदी होती. मी दोनदा डोकावलो. एकदा ताडपत्रीच्या डाव्या टोकाला एक मुंडकं बाहेर आलेलं दिसलं, आठवड्यानं उजव्या टोकाला दुसरं. दोन मुंडकी म्हणजे दोन बैल, एवढं गणित मलाही येतं. मी ताईला निरोप दिला की काळजी करू नको, दोन्ही होत आले.

आणि खोटं कशाला बोलू, ती मुंडकी मी कितीतरी वेळ बघत राहिलो होतो. कान कसा करावा हे पिंजरकरनंच करावं. कानामागची ती मऊ घडी, मानेखाली लोंबणारी पोळी, वळल्यावर कातडीला पडतात त्या सुरकुत्या. मी पंचवीस वर्षं चित्रकला शिकवली, मला तसला एक कान जमला नाही.

पोळ्याच्या दिवशी सकाळी टेम्पो ताईच्या दारात आला. मी आधीच पोचलो होतो. शकीलभाईही सोबत होते, काही हललं-बिललं तर हाताशी असावा म्हणून ग्राइंडर आणि वेल्डिंगचा संच घेऊन. सहा माणसांनी उतरवून अंगणात ठेवलं आणि पिंजरकरनं ताडपत्री ओढली.

बैल एकच होता. दोन्ही टोकांना पुढचेच पाय, दोन्ही टोकांना छाती, मान, डोकं. शेपटी नाही, मागचं अंग नाही. एक तोंड ताईच्या दाराकडे, दुसरं रस्त्याकडे, आणि मधली पाठ अशी ताणलेली की बघताना आपलीच कंबर दुखावी.

ताई पायऱ्या उतरून आली. घराकडच्या तोंडाच्या मानेवर तिनं हात फिरवला, कानामागं खाजवलं. म्हणाली, "पाखऱ्याच हाय हा." मग तिनं टेम्पोत वाकून पाहिलं. "अन् दुसरा?"

"दुसरा नाही, ताई. हा दोघांचा मिळून एक आहे. तुम्हीच सांगितलं होतं ना, पाय बाजाराकडे, तोंड घराकडे?"

"मी सांगतलं होतं दोन पाह्यजेत."

तोरण दुपारी चारला, आणि तेव्हा दहा वाजले होते. शेवटी शकीलभाईच पुढं झाले. त्यांनी बैलाच्या पाठीवर वितीनं माप घेतलं आणि पिंजरकरला म्हणाले, "सर, टेन्शन काहून घेता? दहा मिन्टाचं काम हाय. बीच में से काटून देतो. मागं दोन तिवया वेल्ड करतो, वरून झूल टाकली का कोनाच्या बापाले समजत नाई. दोन बैल तय्यार."

इतकं साधं होतं. पोळ्याच्या बैलावर झूल असतेच, आणि मागचं अंग झुलीखाली कोण बघतो? ताईच्या चेहऱ्यावर तेवढ्यात उजेड आला. ती घरात जाऊन भाऊजींच्या वेळच्या दोन्ही झुली घेऊनसुद्धा आली.

पिंजरकर बैलाच्या आणि शकीलभाईंच्या मध्ये उभा राहिला. "हात लावायचा नाही."

मी त्याला बाजूला घेतलं. समजावलं, हात जोडले. आजच्यापुरता काप, उद्या जोड, शकीलभाई जोडून देतील. तो माझ्याकडे अशा दयेनं बघत होता की मी जणू देवळात चप्पल घालून आलो आहे. "कापला तर ते काम राहतच नाही. तो एकच आहे. दोन केले की खोटा होईल."

ताईनं ते ऐकलं. ती झुली छातीशी धरून म्हणाली, "बापू, मले खरा नको. मले दोन पाह्यजेत."

त्यानं नकारार्थी मान हलवली आणि गळ्यातला कॅमेरा पुसायला घेतला.

मी त्याच्या अंगावर जायला हवं होतं. शकीलभाईंच्या हातातलं ग्राइंडर घेऊन मीच कापायला हवा होता. मी मास्तर माणूस, दुसऱ्याच्या कामावर रेघ ओढायची नाही हेच शिकवत आलेला. मी नाही कापला. म्हणून मला त्याच्याइतकाच स्वतःचाही राग आहे.

चारला सहा माणसं तो बैल खांद्यावर घेऊन तोरणाखाली गेली. ताई कधी तोरणापाशी जात नसे, बायका जात नाहीत; त्या दिवशी गेली. मोजक्याच जोड्या होत्या. बाकी लोकांच्या हातात पाटावर मातीचे बैल. आमचा बैल पुढं ठेवला. मग मखर घेऊन उभा असलेला म्हातारा खरोखरच्या अडचणीनं म्हणाला, "सुमन, हे बांधू कोन्त्या तोंडाले?"

पहिलं हसणं तिथं फुटलं.

आमच्या पोळ्यात झडत्या म्हणतात. कुणीतरी दोन ओळी जुळवून मोठ्यानं म्हणतो, कुणाची तरी खोड काढतो, आणि शेवटी सगळे मिळून महादेवाचा गजर करतात. नारायणरावचा साडू झडत्यांत पटाईत. त्याला विचार करायला अर्धं मिनिटही लागलं नाही.

"इकडं तोंड, तिकडं तोंड, शेपटाचा पत्ता नाई;
सुमनबाईच्या बैलाले घरचा रस्ता माईत नाई.
हर बोला हर हर महादेव!"

अख्खं गाव हसलं. चांगली माणसंही हसली. झडती चांगली जमली की हसू येतंच, ते आवरत नाही. ताई ज्या बैलाला घरचा रस्ता माहीत होता म्हणून हळहळली होती, त्याच बैलावर ती झडती होती. तिनं पदर डोक्यावर ओढला. पिंजरकर एका बैलगाडीवर चढून धडाधड फोटो घेत होता. खाली उतरला तेव्हा घामानं निथळत होता आणि इतका आनंदात मी त्याला कधी पाहिला नव्हता. माझं मनगट पकडून म्हणाला, "बघितलंस? सगळे अडखळले. एकूण एक."

म्हाताऱ्यानं मखर नारायणरावच्या जोडीला बांधलं. मान गेला.

संध्याकाळी टेम्पो निघायच्या वेळी ताईनं एवढंच म्हटलं की बैल ठेवून जा, गोठ्यात उभा राहील. तो म्हणाला, "मुंबईला प्रदर्शन आहे, ताई. पुढच्या वर्षी तुम्हाला दुसरा देतो." पुढच्या वर्षी तो नोकरी सोडून मुंबईला गेला. झडती मात्र गावात राहिली. ताई पाणी भरायला निघाली की पोरंटोरं ती म्हणायची, आणि पाच-सहा पोळे तरी ती तोरणाखाली पुन्हा म्हटली गेली.

त्या दिवशी घेतलेल्या फोटोंतून त्यानं संगणकावर एक चित्र केलं. ते कॉलेजच्या पत्त्यावर आलेल्या एका मासिकात मी पाहिलं. तोरण तेच, बैल तोच. गाव मात्र सगळं पुसून टाकलेलं आणि त्या जागी क्षितिजापर्यंत समुद्र. वऱ्हाडात समुद्र. बैलाच्या घराकडच्या तोंडापाशी जमिनीवर एका बाईची सावली होती, डोक्यावर पदर घेतलेली, आणि बाई नव्हती. त्या सावलीवर लिहिणाऱ्यानं दीड पान खर्ची घातलं होतं. माणूस गेला तरी त्याचं दुःख मागं कसं राहतं, वगैरे वगैरे. माझी खात्री आहे की पिंजरकर ती सावली पुसायला विसरला. गाव पुसताना माणसं पुसली, आणि पायाशी काय पडलं आहे तिकडं त्याचं लक्ष गेलं नाही. त्याचं तसं लक्ष कधीच जात नसे. पण ती सावली माझ्या बहिणीची आहे, आणि मासिक मी घरी आणलं नाही.

त्याला मी शेवटचा पाहिला तो बडनेरा स्टेशनवर, भर दुपारी. मी निवृत्त झालो होतो, अमरावतीला भाचीकडे, म्हणजे धाकट्या बहिणीच्या मुलीकडे, निघालो होतो. तो क्वार्टरच्या फोटोंसाठी आला होता. लहानपण आता त्याला उपयोगाला आलं होतं. केस पांढरे, अंगात महागडा खादीचा कुर्ता, आणि खिशात तिकिटांचा गठ्ठा होताच. त्यानं मला मिठी मारली. मी मारू दिली. बाकावर बसलो. मी भाचीसाठी शेंगदाण्याची चटणी नेत होतो, त्याच्या नाकाला ती पिशवीतूनच कळली. पुडी सोडून तो बोटानं खाऊ लागला.

बैलाचं मी विचारलं नाही, त्यानंच काढलं. बैल कुणा बड्या माणसानं घेतला होता, चौदाव्या मजल्यावरच्या घरासाठी. पण तो न्यायचा कसा? सांगता सांगता पिंजरकरची कमावलेली भाषा सुटली आणि बडनेरा बाहेर आलं. "लिफ्टमंदी बसेच नाई नं बाप्पा. जिन्यात वळे नाई. मंग काय, कापला."

"काय केलं?"

"मधातून कापला. ग्राइंडर आणलं, दहा मिनिटं लागली. दोन तुकडे दोन खेपांत वर, आणि वर नेऊन परत जोडला. जोड ओळखूच येत नाही." आणि तो हसला. त्या हसण्यात काही नव्हतं. लपवणं नव्हतं, ओशाळणं नव्हतं. ताई झुली घेऊन अंगणात उभी होती हे त्याला आठवतच नव्हतं. आठवून तो निर्लज्जपणे हसला असता तर मला एक वेळ बरं वाटलं असतं.

त्याची गाडी आली. डब्यात चढून तो दारात उभा राहिला, बोटं चाटली, आणि एकदम काहीतरी सुचल्यासारखा माझ्या कानाकडे बघायला लागला. "अरे, तुझी ताई आहे ना अजून? तिला हे सांग. ऐकून ती काय म्हणते ते मला कळव. शब्द न शब्द कळव, हं." गाडी हलली तसा त्यानं खिशातून एक तिकीट आणि पेन काढलं, आणि पुढच्या सिग्नलपर्यंत तो दारात उभा राहून काहीतरी लिहिताना दिसत होता.

ताईला सांगू की नको, यात माझे दोन महिने गेले. शेवटी एका दुपारी ओसरीवर सांगितलं. सगळं सांगितलं, लिफ्ट, चौदावा मजला, दहा मिनिटं. ती तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला नाही. मला वाटलं, ऐकलंच नाही तिनं. मग सुपातला एक खडा उचलून तिनं अंगणात टाकला आणि म्हणाली, "मंग झाली म्हना जोडी."

हे मी पिंजरकरला कळवलेलं नाही आणि कळवणार नाही. इथं लिहून ठेवलं आहे खरं. पण तो दुसऱ्याचं लिहिलेलं वाचत नाही, ही त्याची सवय मला पक्की ठाऊक आहे.